आतून लावलेला बोल्ट

१

शुक्रवारी सकाळी काकासाहेबांनी होडीतल्या केबिनचा पितळी बोल्ट मागं सरकवला, डोक्यावरचं झाकण पुढं ढकललं, दारातल्या तीन फळ्या एकेक करून खोबणीतून वर उपसल्या आणि नाथसागराच्या पाण्यानं तोंड धुतलं. मग पायरीखालचा पत्र्याचा डबा ओढून काढला. डब्यात पिवळं फडकं होतं. फडक्यात गुंडाळलेला कागद नव्हता.

रात्री बोल्ट लावून झाल्यावर त्यांनी तोच कागद कंदिलाशी धरून वाचला होता, पुन्हा गुंडाळून ठेवला होता. शिडाची होडी काठापासून शंभर हात आत, नांगर टाकून उभी. केबिनमध्ये शिरायची वाट एकच, आणि ती सकाळपर्यंत आतून बंद होती.

ही हकिकत शौकत कुलूपवाल्यानं ऐकली ती शनिवारी दुपारी, औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात. सांगणारी बाई पन्नाशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सावरणारी. वच्छलाबाई तिचं नाव. १९७९ सालचा मे चालू होता आणि पंखा गरम वाराच फिरवत होता.

शौकतची चाळीस वर्षं कुलपांत गेली होती. किल्ली हरवलेली माणसं येत, कोर्टाचे बेलीफ येत, कधी फौजदारही माणूस पाठवत. कुलूप कसं फोडलं आणि फोडणाऱ्याचा हात कसा होता, हे तो नुसतं बघून सांगायचा. बोलायचा कमी.

"कागद कसला होता, बाई?"

"बोरदऱ्याच्या कुळांची यादी. पोलीस ॲक्शननंतर कुळकायदा आला, तवा पटवाऱ्यानं लिहिलेली. उर्दूत. सही-शिक्का समदं होतं. एकतीस नावं. त्यात माझ्या बापाचं बी."

बोरदरा आता धरणाच्या पाण्याखाली होतं. सरकार जमिनीच्या बदल्यात जमीन देत होतं, पण कागदोपत्री सगळी जमीन एकट्या तात्यासाहेबांची दिसत होती. कसणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. दफ्तरातली प्रत वाळवीनं संपवलेली. सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या पटवाऱ्याच्या मुलीला ट्रंकेत ही दुसरी प्रत सापडली. वकिलाच्या कचेरीत एकदा कोणीतरी उचकापाचक करून गेलं, म्हणून एकतीस घरांनी तो कागद काकासाहेबांकडं ठेवायला दिला. ते उर्दू वाचत, शब्दाला जागत, आणि पाण्यावर झोपत.

"पण तात्यासाहेब त्यांचे मेहुणे ना?" शौकतनं विचारलं.

"व्हय. काकासाहेबांची बायको मनकर्णाबाई तात्यासाहेबांची सख्खी बहीण. म्हणूनच त्यांच्याकडं कोणी शोधायचं नाय, असं वाटलं आमाला. आता लोक म्हणत्यात, काकासाहेबानंच मेहुण्याला नेऊन दिला. मंगळवारी सुनावणी हाय."

"पोलिसांत गेलात?"

"काकासाहेब नगं म्हणाले. म्हणाले, कोणी आतच आलं नाय, तर कोणाच्या नावानं तक्रार देऊ?"

शौकतच्या हातातली कानस थांबली. ज्याच्यावर चोरीचा आळ येतोय तो माणूस चोर आलाच नव्हता म्हणून सांगतो, असं त्यानं चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

२

रविवारी सकाळच्या एसटीनं तो पैठणकडं गेला. वच्छलाबाईनं सांगितलेल्या फाट्यावर उतरून काठापर्यंत चालत गेला तेव्हा पाणी उन्हाळ्यानं पार मागं हटलेलं होतं. काठावर पत्र्याची शेड, चूल आणि खुंटीला बांधलेली एक जुनी होडी. होडी सांडूची. सांडू मासे धरायचा, आणि काकासाहेबांकडं जाणाऱ्या-येणाऱ्यालाही तोच पोचवायचा.

काकासाहेब मूळचे शेंद्र्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. पोलीस ॲक्शनच्या वर्षी घर सोडून मुंबईला गेले ते गोदीत सुतार झाले, मग जहाजावर. पंचवीस वर्षं दर्यावर काढली. इंजिनाशेजारच्या हातोड्यांनी उजवा कान गेला. परत आले तेव्हा नाथसागर भरलेला होता. त्यांनी मुकुंदवाडीत घर बांधलं आणि घरापेक्षा जास्त जीव लावून ही होडी बांधली. एका डोलकाठीची, दोन माणसं निजतील एवढ्या केबिनची.

"या," त्यांनी हात दिला. "बघा काय बघायचंय ते. पण वेळ जाईल तुमचा. कोणी आत आलेलं नाही."

शौकतनं चपला काढल्या आणि बघायला लागला. नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, छतात एक झडप होती. ती आतून दोन चिमटीच्या स्क्रूंनी आवळलेली, आणि स्क्रूंवर महिन्याभराचा हिरवा गंज. तिथून कोणी आलं नव्हतं. बाजूच्या काचा बसवलेल्या, उघडणाऱ्या नव्हत्याच. राहिलं मागचं दार. तीन सागवानी फळ्या एकावर एक खोबणीत उतरत. वरून झाकण सरकवलं की वरची फळी त्याखाली दबायची आणि उचलता यायची नाही. झाकणाला आतून पितळी बोल्ट. साधा, सरळ, चोख बंदोबस्त.

"पटरीचा माल नाही हा. खुद बनवला?"

"हाताने. जहाजावर झोपणाऱ्या माणसाला आतली कडी नीट पाहिजे. अनोळखी बंदरात कोण चढेल, सांगता येत नाही."

"आणि आतमध्ये आग लागली तर?"

काकासाहेबांनी डावा कान पुढं केला. शौकतनं प्रश्न पुन्हा विचारला.

"मी आतच असतो. उघडून बाहेर येईन."

शौकत बाहेर मागच्या बाजूला गेला. फळ्यांवरून, चौकटीवरून, झाकणाच्या कडेवरून त्यानं बोटं फिरवली. कोयंडा नव्हता. कुलूप अडकवायला भोकसुद्धा नव्हतं.

"काकासाहेब, आठ-आठ दिवस तुम्ही मुकुंदवाडीला असता. तेव्हा होडी बंद कशी करता?"

काकासाहेब पाण्याकडं बघत राहिले. म्हणाले, "सांडू लक्ष ठेवतो."

३

परतताना होडी सांडूच वल्हवत होता. शौकतनं सहज विचारावं तसं विचारलं.

"काकासाहेब नसतात तेव्हा तूच राखण करतोस म्हणे?"

"म्या?" सांडू हसला. "मला कोणी सांगितलं नाय बा. अन् राखायचं काय? केबिन तर बंदच असती."

"कुलूप नसताना?"

"कुलूप नाय, पण बंद. मागं एकदा पाऊस आला तवा म्या आडोशाला चढलो होतो. झाकण हलवून बघितलं. हाललंच नाय. मला वाटलं मालक आतच हायेत. हाका मारल्या. मालक तवा शहरात होते."

शौकतनं हे मनात नीट ठेवून घेतलं. माणूस आत नसताना आतला बोल्ट लागत होता.

"गुरुवारी रात्री कोणाला पोचवलंस?"

"कोणालाच नाय. दिस मावळायला मनकर्णाबाईचा डबा नेऊन दिला. त्या काठावरच्या शेडमंदीच निजत्यात, त्यांना केबिनमंदी घुसमटतं. त्याच्या आधी तात्यासाहेब जीप घेऊन आले होते, बहिणीशी बोलले अन् गेले. मग मी घरी." त्यानं वल्हं आत घेतलं. "एक सांगू? माझी होडी कोणीतरी नेली होती."

"कशावरून?"

"मी आपला खुंटीला दोन वेढं देतो अन् दोर खोचतो. सकाळी बघतो तर गाठ. फासावाणी, पर आवळंना. शेपूट मागं ढकललं तशी पटकन सुटली. तसली गाठ काकासाहेब मारत्यात."

"पण काकासाहेब तर त्या होडीत होते. त्यांची छोटी डोंगी?"

"ती बी तिकडंच, होडीलाच बांधलेली. सकाळी कोरडी ठणठणीत होती, म्या बघितली."

म्हणजे काठावरून कोणीतरी सांडूची होडी नेली, परत आणली, आणि काकासाहेबांच्या हाताची गाठ मारली. काकासाहेब मात्र शंभर हात पलीकडं, आतून बंद केबिनमध्ये झोपलेले.

४

होडीच्या लाकडकामाला हैदर मिस्त्री होता. त्याचं दुकान मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं. दुपारी शौकत तिथं पोचला तेव्हा तो पलंगाचे पाय तासत होता.

"फळ्या मेरे हात के, खोबणी मेरे हात की," हैदर म्हणाला. "पितळेचं काम त्यांनी स्वतः केलं. मी म्हणालो, बाहेरून कोयंडा लावतो. एकदम भडकले. म्हणाले, बाहेरून कोयंडा असला की कोणीही कुलूप घालून मला आत कोंडेल. जहाजावर असा एक माणूस धुरात मेलेला पाहिलाय म्हणे त्यांनी. बाहेरच्यांना दार उघडता आलं नाही."

"बाहेरच्यांना?"

"हां. अंदर से बंद था, और बाहर से खुलता नहीं था."

"मग स्वतःच्या केबिनला त्यांनी काय केलं?"

हैदरनं खांदे उडवले. "छतावर ताडपत्री बांधायला सहा खुंट्या पाहिजेत म्हणाले, त्या बनवून दिल्या. पुढचं पंधरा दिवस एकट्यानंच केलं. मला बोटीवर येऊ दिलं नाही. आम्ही सगळे गुरुवारी बहिणीच्या मुलीच्या निकाहला जालन्याला होतो भाई, विचारा कोणालाही."

तिथून शौकत रिक्षा करून तात्यासाहेबांच्या बंगल्यावर गेला. तात्यासाहेबांनी त्याला बसवलं, सरबत दिलं. मोठ्या घरचा माणूस, आवाज कधी न चढवणारा.

"कुलूपवाले, माझ्याकडं तो कागद नाही. घराची झडती घ्या. कपाटं तुम्हीच उघडा, तुमचा धंदाच आहे."

"गुरुवारी काठावर गेला होता?"

"बहिणीला भेटायला बंदी आहे का? मला दाजींची काळजी वाटते. लाकडाची होडी. दिवस उन्हाळ्याचे. आतून कडी लावून झोपणारा माणूस, आणि एका कानानं बहिरा. कोणी माथेफिरूनं डबाभर रॉकेल ओतलं तर ओरडलेलंसुद्धा कळायचं नाही. गावात लोक तापलेले आहेत. मी मनकर्णेला तेवढंच म्हणालो, की बाई, जप त्यांना."

त्यांनी हे अशा सुरात सांगितलं, जणू पाहुण्याला हवापाणी सांगत होते. शौकतनं सरबताचा पेला न पिता खाली ठेवला.

५

काकासाहेबांच्या घराच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. झाडाखाली शेळी. मनकर्णाबाई तिला पाला घालत होत्या. शुक्रवारीच त्या काठावरून घरी आल्या होत्या. शौकतनं नाव सांगितल्यावर त्यांनी खुर्ची आणून ठेवली, तांब्या-भांडं ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"ह्यांनी पाठवलं का?"

"नाही. वच्छलाबाईनं."

"वच्छला." त्यांनी नाव हळूच उच्चारलं. "बोरदऱ्याची ना? नदीपल्याडची."

"तुम्ही किती वर्षं राहिलात बोरदऱ्यात?"

"जन्म तिथला. लग्नानंतर बी तिथंच. हे दर्यावर, मग मी एकटी शेंद्र्याला राहून काय करू? वीस वर्षं माहेरीच काढली. शेतावर भाकरी पोचवायचं काम माझं. कोणत्या रानात कोण हाय, कोणाची बायको बाळंतीण हाय, समदं ठाव असायचं." त्या थांबल्या. "आता त्या रानावर मासं फिरत्यात."

"गुरुवारी तात्यासाहेब काय म्हणाले?"

"भाऊ बहिणीला काय म्हणतो? कशी हायेस म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

शेळीनं दावं ताणलं आणि पाल्याकडं धाव घेतली. दावं गळ्याशी घट्ट झालं नाही. शौकत उठून जवळ गेला. शेळीच्या गळ्यात एक मोकळा फास होता, ओढला तरी जिथल्या तिथं राहणारा. त्यानं दोराचं शेपूट मागं ढकललं. गाठ पटकन सैल झाली.

"छान गाठ आहे, बाई."

"ह्यांनी शिकवली. जनावराला आवळत नाय." मनकर्णाबाई सहज बोलून गेल्या. मग त्यांनी शौकतच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरून उठल्या.

६

सोमवारी सकाळी शौकत पुन्हा होडीवर होता. या वेळी त्यानं काकासाहेबांना केबिनच्या आत बसवलं, स्वतः फळ्या उतरवल्या, झाकण ओढलं.

"बोल्ट लावा," त्यानं मोठ्यानं सांगितलं.

आतून बोल्ट लागल्याचा आवाज आला. शौकत छताच्या कडेनं बसला. ताडपत्रीच्या सहा खुंट्या. त्यानं एकेक हलवून पाहिली. चार दगडासारख्या घट्ट. दोन, झाकणाच्या डाव्या आणि उजव्या अंगाच्या, किंचित फिरत होत्या. त्यानं डावी फिरवून वर ओढली. खुंटीबरोबर वीतभर बारीक दोरी वर आली आणि आत पितळ सरकल्याचा खर्रकन आवाज झाला. झाकण हातानं पुढं गेलं.

खाली काकासाहेब बसले होते, हात मांडीवर. त्यांनी वर पाहिलं नाही.

शौकतनं झाकण परत ओढलं आणि उजवी खुंटी उपसली. बोल्ट पुन्हा लागला.

मग त्यानं उघडलं, आत उतरला आणि समोरच्या बाकावर बसला.

"तुमच्यासारखा माणूस, ज्यानं आतून बंद दाराआड माणूस मरताना पाहिलाय, तो बाहेरून न उघडणारी केबिन बांधेल, हे मला पटेना. कोयंडा नाही, तरी तुम्ही नसताना केबिन बंद. मग दोरी कुठंतरी असणारच. आग लागली, तुम्ही बेशुद्ध पडलात, तर बाहेरून कोणीतरी उघडावं म्हणून. त्या कोणाला तरी तुम्ही खुंटी दाखवली असणार. हैदरला दाखवली नाही. सांडूला नाही. सांडू तर बंद झाकणाला बघून हाका मारत बसला होता."

काकासाहेबांचा हात बोल्टावर गेला.

"आणखी एक. चोर कागद घेऊन गेला असता तर केबिन उघडीच टाकली असती. निघून जायची घाई असते त्याला. परत फळ्या लावा, झाकण ओढा, दुसरी खुंटी शोधून बोल्ट लावा, हे कशाला करील? ज्याला आत झोपलेल्या माणसाची काळजी आहे, तोच जाताना दार लावून जातो."



"मला शुक्रवारी सकाळीच कळलं," काकासाहेब म्हणाले. "डबा उघडला तेव्हाच."

"विचारलं नाहीत त्यांना?"

"विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. मी वीस वर्षं तिला एकटं ठेवलं, शौकतभाई. तिनं कधी बोल लावला नाही. आता भावासाठी तिनं एक गोष्ट केली असेल, तर चोर मीच ठरू दे. माझ्या नावाचं काय होतंय?"

"तुमच्या नावाचं काही नाही. त्या एकतीस घरांचं?"

काकासाहेबांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग उठले, डोंगीचा दोर सोडला आणि म्हणाले, "चला मुकुंदवाडीला."

७

वच्छलाबाईला शौकतनंच निरोप धाडला होता. ती आली तेव्हा अंगणात तिघं होते, आणि कोणीच बसलेलं नव्हतं.

मनकर्णाबाईंनी काहीही नाकारलं नाही.

"दादा म्हणाला, कागद त्या होडीत हाय तोवर ह्यांच्या जिवाचा भरवसा नाय. कोणीबी रॉकेल ओतील म्हणाला. कोणी म्हणजे कोण, ते मला कळलं. त्याला मी लहानपणापासून ओळखते. ह्यांना सांगितलं असतं तर हे कागद उराशी धरून तिथंच निजले असते. म्हणून मीच गेले. हे चांगल्या कानावर निजले होते. डबा काढला, बोल्ट लावला, आले."

"काकासाहेबांना जागं करून काठावर आणायचं होतं," शौकत म्हणाला.

"आता कळतंय. तवा नुसतं धगधगत होतं डोळ्यांपुढं."

"कागद कुठंय?" वच्छलाबाईनं विचारलं.

"सांगितल्यापरमाणं उजाडायला दादाची जीप काठावर आली. मी म्हणाले, घे, अन् ह्यांच्या वाटंला जाऊ नको. त्यानं माझ्यादेखत काडी लावली. जीपच्या बॉनेटवर ठेवून."

वच्छलाबाई लिंबाच्या बुंध्याशी खाली बसली. हातानं नुसती माती सारखी करत राहिली. काकासाहेब बायकोपासून दोन पावलं लांब उभे होते. तेही जवळ गेले नाहीत.

"माझा बाप त्या यादीत होता," वच्छलाबाई अखेर म्हणाली. "त्याचं नाव लिहिलेलं म्या तेवढ्यातच पहिल्यांदा बघितलं होतं. वाचता येत नव्हतं, तरी वकिलानं बोट ठेवून दाखवलं."

तात्यासाहेबांवर खटला उभा राहण्याजोगं काही हाती नव्हतं, हे शौकतला दिसत होतं. राख वाऱ्यावर गेलेली. कोडं सुटलं होतं, पण त्यानं कोणाचंच भलं होत नव्हतं.

मनकर्णाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पायात चपला घातल्या होत्या आणि डोक्यावरून पदर घेतला होता.

"उद्याची सुनावणी कितीला हाय?" त्यांनी विचारलं. "अन् मला आजच वकिलाकडं घेऊन चला."

८

मंगळवारी अकरा वाजता पुनर्वसनाच्या साहेबांपुढं तात्यासाहेब आपल्या वकिलासह शांत बसले होते. बहीण दारातून आत आली तेव्हा ते अर्धवट उठले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

तिनं आधी कागदाचं सांगितलं. कसा घेतला, कोणाला दिला, कसा जळाला. तात्यासाहेबांच्या वकिलानं हरकत घेतली. साहेबांनी ती लिहून घेतली आणि बाईंना पुढं बोलायला सांगितलं.

मग मनकर्णाबाई बोरदऱ्यात शिरल्या. वेशीपासून सुरुवात केली. चिंचेच्या रानात कारभारी, त्याच्या बांधाला विहीर, विहिरीवर दोन मोटा. त्याच्या पलीकडं पुंजाराम, काळी जमीन, ज्वारी. त्याला लागून सरूबाईचा नवरा, तो साप चावून गेला, मग सरूबाईच कसायची. कोणत्या रानात किती कुळव, कोणाच्या शेतात भाकरी कोणत्या झाडाखाली ठेवायची, खळ्यावरून मालकाचा वाटा वाड्यावर कोण घेऊन यायचं. कारकुनाचा हात दुखायला लागला. साहेबांनी त्याला पाणी दिलं आणि दुसरा कारकून बसवला. दीड तास चाललं. बाहेर व्हरांड्यात एकेक नाव निघेल तसा एकेक माणूस मान खाली घालत होता.

अठ्ठावीस नावांनंतर त्या थांबल्या.

"अर्जात एकतीस आहेत," साहेब म्हणाले. "नदीपलीकडची तीन राहिली."

"तिकडं मी कधी गेले नाय. तिकडची भाकरी गडी न्यायचा."

कुळांच्या वकिलानं वाकून ती नावं त्यांच्या कानात सांगितली. तीनच नावं होती, आणि ती सगळ्यांना पाठ होती. व्हरांड्यात वच्छलाबाई खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मनकर्णाबाईंनी तिला पाहिलं. शौकतनंही पाहिलं.

"ती माणसं होती, येवढं ऐकून ठाव हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यांना कसताना मी डोळ्यांनी बघितलं नाय. जे बघितलं तेवढंच सांगितलं."

बाहेर आल्यावर त्या वच्छलाबाईपुढं उभ्या राहिल्या.

"माझ्या बापाचं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं, बाई?" वच्छलाबाईनं विचारलं.

"दादाच्या वकिलानं मला विचारलं असतं, बांध कोणता, झाड कोणतं. मला सांगता आलं नसतं. मग बाकीचे अठ्ठावीस बी खोटे ठरले असते."

वच्छलाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि जिना उतरून गेली.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. साहेबांनी त्यात लिहिलं होतं, की साक्षीदार ही जमीनमालकाची सख्खी बहीण असून तिची साक्ष माहेरच्या विरुद्ध आहे. शिवाय तीन नावं घेणं सोपं असताना तिनं ती घेतली नाहीत. त्या अर्थी घेतलेली अठ्ठावीस नावं खरी मानण्यास प्रत्यवाय नाही. अठ्ठावीस घरांना कालव्याखाली जमीन मिळाली. तात्यासाहेबांनी त्या दिवसापासून बहिणीचं नाव टाकलं. काकासाहेब आठ महिने होडीवर गेले नाहीत, बायकोशी घरात काय बोलले ते कोणाला ठाऊक नाही, पण त्या दिवाळीत सांडूनं दोघांना काठावर एका ताटात जेवताना पाहिलं.

वच्छलाबाईनं अपील केलं. तेव्हा ते अठ्ठावीस जण आपापली पेरणी टाकून औरंगाबादला आले, आणि नदीपलीकडच्या तीन रानांत कोण राबायचं ते एकेकानं उभं राहून सांगितलं. त्याला आणखी चार वर्षं लागली. तिचा बाप तोवर गेला होता. सातबारा वच्छलाबाईच्या नावानं झाला, त्यात तिच्या बापाचंही नाव होतं, आणि तो घेऊन ती पहिल्यांदा गेली ती वकिलाकडं नाही, मुकुंदवाडीला. मनकर्णाबाईंना तिनं तो हातात दिला आणि म्हणाली, "तुमाला लिहिलेलं वाचता येतं. माझ्या बापाचं नाव कुठं हाय, तिथं बोट ठेवा."